बिनकंडक्टरची एसटी

पुस्तकाचं परीक्षण लिहिण्यात एक मोठी सोय असते. पुस्तक वाचलं नसलं तरी चालतं. मलपृष्ठ वाचावं, प्रस्तावना चाळावी, मुद्रणदोषांबद्दल थोडी हळहळ व्यक्त करावी आणि 'लेखकाकडून अधिक अपेक्षा आहेत' असं लिहून मोकळं व्हावं. आज मी ज्या कृतीचं परीक्षण करायला बसलो आहे तिच्या बाबतीत ही सोय नाही. ती वाचल्याशिवाय नीट चालतच नाही.

कृतीचं नाव 'एसटी'. दचकू नका, लाल डब्याबद्दल मी काही वावगं बोलणार नाही. ही एसटी म्हणजे 'सिम्पल टर्मिनल'. लिनक्स घातलेल्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडते, तीत आपण आज्ञा टाइप करायची आणि कॉम्प्युटरने उत्तर द्यायचं. (घरात हा क्रम उलटा असल्यामुळे मला या खिडकीचं पहिल्यापासून आकर्षण होतं.) माझा जुना लॅपटॉप धापा टाकायला लागला तेव्हा भाच्याने त्याच्यात लिनक्स घातलं आणि म्हणाला, "मामा, या वयात याला जड काही द्यायचं नाही. हलकं द्यायचं." 'या वयात' म्हणताना तो लॅपटॉपकडे बघत होता की माझ्याकडे, हे मी अजून विचारलेलं नाही.

आता थोडा इतिहास. परीक्षणात इतिहास घातला की वजन येतं. टर्मिनल म्हणजे एके काळी खरोखरीचं यंत्र होतं. कॉम्प्युटर कुठे तरी आतल्या खोलीत असायचा आणि त्याच्याशी बोलायला बाहेर एक टंकयंत्र ठेवलेलं असायचं, ते खडखडत कागदावर उत्तरं छापायचं. पुढे कागद जाऊन काच आली. या काचवाल्यांमधलं गाजलेलं घराणं म्हणजे डिजिटल कंपनीचं १९७८ सालचं 'व्हीटी १००'. व्हीटी म्हणजे व्हिडिओ टर्मिनल. मुंबईकराला व्ही. टी. म्हटलं की एकच जागा आठवते. त्या स्थानकाचं नाव १९९६ साली बदललं, २०१७ साली त्यात 'महाराज' आलं, तरी टॅक्सीत बसल्यावर जुन्या माणसाच्या तोंडून 'व्ही. टी.'च निघतं. कॉम्प्युटरचंही तसंच झालं. व्हीटी १०० केव्हाच भंगारात गेला, पण आजच्या काळ्या खिडक्या अजून त्याचंच सोंग घेऊन उभ्या आहेत. त्याच्या काचेवर २४ ओळी होत्या आणि एका ओळीत ८० अक्षरं. आमची एसटीही उघडते ती बरोबर ८० बाय २४. हे ८० सुद्धा त्याच्याही आधीचे. १९२८ साली आयबीएमने जे भोकांचं कार्ड काढलं त्यात ८० रकाने होते. म्हणजे पणजोबांच्या मापाचा सदरा अजून पोरं घालताहेत.

सोंग घेणाऱ्यांतला थोरला नट 'एक्सटर्म'. हा १९८४ सालापासून रंगभूमीवर आहे. त्याचे कोड ६५ हजार ओळींच्या वर गेलेले आहे, त्यात कोणी न पाहिलेल्या जुन्या यंत्रांच्याही नकला आहेत, अशी टीका करून एसटीच्या कर्त्यांनी आपला संसार थाटला. त्यांची प्रतिज्ञा अशी की आम्ही लागेल तेवढंच ठेवणार. तेव्हा काही हजार ओळींत सगळा प्रपंच. प्रतिज्ञा कोणालाही आवडावी अशीच आहे. मीही माळ्यावरच्या अडगळीकडे बघून दर दिवाळीला तीच करतो.

पण या साधेपणाची एक गंमत आहे. एसटीत सेटिंग्जचा मेनू नाही. अक्षर मोठं करायचं, रंग बदलायचा, तर प्रोग्रॅमच्या मूळ कोडमधली एक फाईल उघडायची, तिच्यात बदल करायचा आणि अख्खा प्रोग्रॅम नव्याने बांधायचा. म्हणजे गाडीत ऊन लागतंय म्हणून पडदा ओढायचा असेल तर आधी बोनेट उघडायचं. कंडक्टर नाही, ड्रायव्हर नाही, प्रवाशानेच पाना घेऊन चढायचं. आपल्या एसटीचं ब्रीद 'गाव तिथे एसटी'. इथे गावालाच मेकॅनिकची परीक्षा द्यावी लागते. आणि हे नकळत झालेलं नाही. याच मंडळींच्या खिडक्या मांडणाऱ्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या माहितीत त्यांनी खुशाल लिहून ठेवलं आहे की, या पद्धतीमुळे आमचे वापरणारे थोडे आणि निवडक राहतात, नवशिके येऊन बावळट प्रश्न विचारत नाहीत. असा स्वच्छ अपमान हल्ली दुर्मिळ. मी लगेच नवशिका म्हणून हजर झालो.

मला अक्षर मोठं हवं होतं. मूळचा फॉन्ट 'लिबरेशन मोनो', उंची १२ पिक्सेल. मुंगीला चष्मा लागावा अशी. भाच्याने फोनवर सांगितलं, "कॉन्फिगमध्ये बारा आहे, तिथे वीस करा आणि 'मेक' म्हणा." मी फाईल उघडली, १२ खोडून २० केले, 'मेक' म्हटलं. उत्तर आलं, करण्यासारखं काही नाही. मी २४ केले. करण्यासारखं काही नाही. ३६ केले. तेच. नोकरीत असताना हेच उत्तर मी खिडकीच्या आतल्या बाजूने तीस वर्षं देत होतो. बाहेरच्या बाजूने ते कसं लागतं हे त्या दुपारी कळलं.

रोगाचं निदान झालं रात्री. फाईली दोन असतात. एक 'कॉन्फिग डॉट डेफ डॉट एच', हा कर्त्यांचा मूळ नमुना. दुसरी 'कॉन्फिग डॉट एच', ही आपली. पहिल्यांदा प्रोग्रॅम बांधताना नमुन्याची नक्कल होऊन ही दुसरी तयार होते, आणि त्यानंतर फक्त तीच वाचली जाते. नमुन्याकडे पुन्हा कोणी ढुंकून बघत नाही. मी दिवसभर नमुन्यावर गिरवत बसलो होतो. योग्य फाईलीत वीस लिहिले, पुन्हा बांधलं, नव्याने खिडकी उघडली आणि अक्षरं अशी टपोरी आली की हातातला चष्मा मी कौतुकाने पुसून ठेवला. तेवढ्यात भाच्याचा पुन्हा फोन. "मामा, सांगायचं राहिलं. नुसतं तात्पुरतं मोठं करायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि पेज अप दाबा. होतं."

मी म्हटलं, "अरे, हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"सकाळी तुम्ही कायमचं म्हणाला होतात."

बाकी तक्रारी थोडक्यात आटोपतो. वर सरकून गेलेला मजकूर पुन्हा बघण्याची सोय मूळ एसटीत नाही. गेलं ते गेलं. वेदान्त म्हणून हे ठीक आहे, पण आज्ञेचं उत्तर पन्नास ओळींचं असलं तर वेदान्त पुरत नाही. त्यासाठी वेगळं ठिगळ मिळतं. 'पॅच' या शब्दाचा अर्थ ठिगळ हे त्यांनीच कबूल केलं आहे. एक ठिगळ बसतं, दुसरं त्याच्या शेजारी बसताना कुरकुरतं, कारण पहिल्याने कापड हलवलेलं असतं. डिलीटची कळ काही ठिकाणी चालत नाही. त्यावर त्यांच्या शंकानिरसनात जुन्या यंत्रांच्या कीपॅडचा इतिहास सांगून, चूक आमची नसून त्या त्या प्रोग्रॅमची आहे, असा निवाडा दिला आहे. (इलाज मात्र एका ओळीचा आहे. 'इनपुटआरसी' फाईलीत 'सेट एनेबल-कीपॅड ऑन' लिहायचं.) दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तारेने शिरलं की तिथला पहारेकरी 'अनोळखी टर्मिनल' म्हणून अडवतो, कारण त्याच्या वहीत एसटीचं नाव नसतं. मग एकतर तिथल्या वहीत नोंद करून घ्यायची, नाही तर सरळ एक्सटर्मचं नाव सांगून आत जायचं. ज्याला नावं ठेवून बाहेर पडलो त्याचंच नाव वेळेला उपयोगी पडतं. आणि रंगीत हसरा चेहरा छापायची वेळ आली की खिडकी जागच्या जागी प्राण सोडत असे. तो दोष एसटीचा नव्हे, अक्षरं रंगवणाऱ्या 'लिबएक्सएफटी' या लायब्ररीचा, आणि तो २०२२ साली तिथेच दुरुस्त झाला. तोवर अनेकांचं टर्मिनल हसून हसून मेलं.

इथवर मी खेळीमेळीत होतो. उलट माझं मत चांगलंच होत चाललं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू कशी चालते ते मी पानं उलटून वाचलं होतं. खिडकी डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडत होती. मिक्सर बिघडला तर मी दुकानात नेतो. ही बिघडली तर मी स्वतः बिघडवलेली असते आणि स्वतःच नीट करू शकतो, हा अभिमान काही लहान नाही.

मग एके दिवशी मी तिच्यात मराठी फाईल उघडली. वाणसामानाची यादी होती. 'तूप' असं लिहिलेलं मला आठवत होतं, दिसत होतं 'तप'. गुळाच्या जागी 'गळ' होता, तेलाच्या जागी 'तल'. साखर आणि मीठ तेवढे सहीसलामत. 'पुणे शहर' लिहून पाहिलं तर आलं 'पण शहर'. हे मात्र वर्णन म्हणून मला फार पटलं. 'दिवस'चा 'दविस' झाला आणि 'पत्नी'ची 'पतनी'. हा शेवटचा शब्द मी ताबडतोब पुसला.

असं का होतं? व्हीटी १००च्या काळापासून पडदा म्हणजे घरांचा पट. एक अक्षर, एक घर. इंग्रजीचं बरं आहे, तिथे प्रत्येक जण आपापल्या सीटवर बसतो. आपल्याकडे उकार खाली लोंबकळतो, मात्रा टपावर बसते, अनुस्वार त्याच्याही वर. त्यांच्या नावावर कॉम्प्युटरच्या तक्त्यात जागा लिहिलेली असते शून्य. एसटी काय करते, 'त' बसवते आणि पुढच्या सीटवर येते. तिथे ऊकार रुमाल टाकतो. पण त्याची रुंदी शून्य, त्यामुळे गाडी पुढे सरकतच नाही, आणि मागून आलेला 'प' त्याच रुमालावर खुशाल बसतो. ऊकार गेला. वेलांटीला सीट मिळते, पण अक्षराच्या आधी बसायचं सोडून ती नंतरच्या सीटवर बसते. अक्षरं एकमेकांना धरून बसवण्याचं काम 'हार्फबझ' नावाची लायब्ररी करते. मूळ एसटी तिला हात लावत नाही, कारण ती 'लागेल तेवढ्यात' येत नाही.

यादीपुरतं हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच लॅपटॉपमध्ये मी आईची जुनी पत्रं टाइप करून ठेवली आहेत. कागद पिवळे पडून घडीवर फाटायला लागले म्हणून. तिच्या प्रत्येक पत्राचा शेवट ठरलेला, 'तू कधी येतोस ते कळव.' एसटीत ते दिसलं, 'त कधी यतोस त कळव.' मी घाबरलो. वाटलं, फाईलच खराब झाली. म्हणून मी रात्री जागून पत्रं दुरुस्त करायला बसलो. 'त'ला ऊकार दिला, दिसेना. पुन्हा दिला, दिसेना. एकेका 'तू'ला मी चार चार ऊकार घातले. सकाळी भाच्याने तीच फाईल साध्या संपादकात उघडली. मूळ मजकूर पूर्ण शाबूत होता, फक्त मी हात लावलेल्या दहा पत्रांत 'तू'च्या खाली ऊकारांची शिडी लागली होती. तो हसला नाही. माझ्या शेजारी बसून त्याने एकेक जास्तीचा ऊकार काढला आणि मी कागद घेऊन ताडून पाहत होतो.

म्हणून परीक्षक या नात्याने माझं मत असं. साधेपणा हा गुण आहे, यात शंका नाही. पण 'लागेल तेवढंच' म्हणताना, कोणाला लागेल, हा प्रश्न आधी विचारायला हवा. ज्याच्या भाषेत उकार नाहीत त्याला उकार ही अडगळच वाटणार. त्यात दुष्टपणा नाही. सदऱ्याचं मापच मुळात दुसऱ्या अंगाचं आहे. ज्याला अडगळ म्हणून टाकून दिलं, त्यात कोणाचं तरी तूप आणि कोणाचं तरी 'तू' जातं, एवढंच माझं म्हणणं. भारतीय लिप्या सांभाळणारी टर्मिनलं नाहीत असंही नाही. 'एमएलटर्म'सारखा प्रोग्रॅम हे काम करतो. तेव्हा, होत नाही, हे खरं नाही. करायचं नाही असं ठरलं, हे खरं.

पाचपैकी किती तारे, असं हल्ली विचारतात. इंग्रजी कामापुरते चार देतो. मराठीसाठी तारे देऊन उपयोग नाही, ते अक्षराच्या वर बसले तर दिसायचे नाहीत.

एसटी मी काढून टाकलेली नाही. आज्ञा देण्याचं एवढं एकच ठिकाण मला उरलं आहे, ते का सोडू? आईची पत्रं मात्र आता दुसऱ्या खिडकीत वाचतो. तिच्या प्रश्नाला मी तेव्हा 'रजा मिळाली की' असं उत्तर देत असे आणि रजा मिळत नसे. उत्तर वेळेवर गेलं नाही, निदान तिचा प्रश्न तरी पूर्ण असू दे.