भयपटांच्या झलकी आणि निवेदकाचा काळ

जुन्या भयपटांच्या झलकी एकत्र गुंफून, मधून मधून निवेदकाचे बोलणे घालून तयार केलेली संकलने समीक्षेचा विषय होऊ शकतील, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तथापि ती आवडीने पाहणाऱ्यांना त्यातील राक्षस, पिशाच्चे आणि त्यांचे शेवट बहुधा आधीच ठाऊक असतात. शेवट ठाऊक असलेल्या कथेची झलक पुन्हा का पाहावी, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकानेही विचारात घ्यावा असा आहे.

या प्रकाराची परंपरा अमेरिकेत स्पष्ट दिसते. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या दूरचित्रवाणीवर मायला नुर्मी या अभिनेत्रीने ‘व्हॅम्पायरा’च्या वेषात भयपट सादर करण्यास आरंभ केला. १९५७ मध्ये युनिव्हर्सलचे ५२ जुने चित्रपट एका संचात दूरचित्रवाणी केंद्रांना उपलब्ध झाले. १९३१ मधील ‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे त्यांपैकीच होत. त्यानंतर शहरोशहरी असे निवेदक उभे राहिले. १९८२ मध्ये जॉन लँडिस यांनी युनिव्हर्सलच्या भयपटांच्या झलकींचे ‘कमिंग सून’ हे संकलन केले. त्याचे निवेदन जेमी ली कर्टिस यांनी केले. १९७८ च्या ‘हॅलोविन’मध्ये पडद्यावर भ्यालेली नायिकाच येथे भयाची ओळख करून देते.

झलकीचे वाक्य नेहमी पुढे पाहते. ‘लवकरच येत आहे’, ‘पाहा’, ‘चुकवू नका’ ही तिची क्रियापदे होत. निवेदक मात्र मागे वळून बोलतो. त्याचे क्रियापद भूतकाळी असते. एकाच दृश्यावर असे दोन काळ येऊन पडतात. एके काळी ज्याची वाट पाहिली, ते येऊन गेले, आणि तरीही झलक ‘येत आहे’ असेच म्हणत राहते. स्मरणरंजनाचे मूळ या विसंगतीत आहे. राक्षसाच्या रूपात ते शोधणे व्यर्थ होय. मराठीत ‘भूत’ हा शब्द पिशाच्च आणि गतकाळ या दोहोंसाठी वापरला जातो, ही गोष्ट या संदर्भात केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यापुरता विचार केला, तर या प्रश्नाला दोन स्थानिक साक्षी मिळतात. पहिली लोणारची. तेथील सरोवराशी लवणासुराच्या वधाची कथा निगडित आहे आणि गावातील मंदिर दैत्यसूदनाचे आहे. ‘दैत्यसूदन’ या समासातच दैत्याचा शेवट सांगून टाकलेला आहे. झलक शेवट लपविते, तर देवतेचे नावच येथे तो आधी उघड करते. आणि तरीही कथा पुनःपुन्हा ऐकली जाते. काळ लोटला की झलकीचीही हीच गत होते. तिचे रहस्य संपते, ती कथेच्या पंक्तीत बसते आणि निवेदक कथेकऱ्याची जागा घेतो.

दुसरी साक्ष वऱ्हाडी बोलीची. प्रमाण मराठीतील ‘येत आहे’ याऐवजी वऱ्हाडीत ‘येऊन राहिला’ असा प्रयोग होतो. येथे येण्याची क्रिया ‘राहणे’ या सहायक क्रियापदाच्या आधारे चालू राहते. झलकीतील राक्षसाचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही: तो सदैव येऊन राहिलेला असतो, त्याचे आगमन कधी पूर्ण होत नाही.

परंतु अमेरिकन आणि मराठी परंपरांत एक मोठा भेद आहे. तिकडील झलकी फितीवर उरल्या, म्हणून त्यांची संकलने होऊ शकली. महाराष्ट्रातील जत्राजत्रांतून तंबूतील फिरता सिनेमा हिंडत असे. त्याच्या दाराशी ध्वनिक्षेपकावरून पुकारा करणारा मनुष्य हाच त्याची झलक आणि हाच निवेदक. तिकिटाचे पैसे नसलेल्याला चित्रपट दिसत नसे, पण पुकारा ऐकू येई. अशा श्रोत्याच्या स्मरणात चित्रपटाचे जे रूप आहे, ते केवळ शब्दांचे आहे. तो पुकारा हवेत विरला. आज तो वृद्ध श्रोत्यांच्या कानांतच काय तो उरला आहे.

संकलनांच्या मोहकपणाची मर्यादाही यावरून ध्यानात येते. जे जतन झाले तेवढ्याचाच हेवा स्मरणरंजन करू शकते. जे नोंदलेच गेले नाही, त्याची उणीवही त्याला जाणवत नाही. ती उणीव भरून काढणे हे अभ्यासाचे काम आहे. पुकाऱ्याची क्रियापदे, त्यातील विरामस्थाने, प्रमाण भाषेतून बोलीत होणारी ये-जा, हे सर्व श्रोते हयात आहेत तोवरच टिपून घेता येईल. याबाबतीत ‘लवकरच’ हा शब्द जाहिरातीचा राहून चालणार नाही.