तळटीप दिली, पण मूळ पाहिलं का?

प्रबंधांच्या संदर्भसूच्या हल्ली फार लांब झाल्या आहेत. पण सूचीतलं आपण उघडून पाहिलं किती? माहिती मिळवायला आपण शिकवतो, तिचा माग काढायला शिकवत नाही.

एकच उदाहरण घेऊ. मयसभेत द्रौपदी दुर्योधनाला 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हणाली आणि त्यातून युद्ध पेटलं, असं आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. खाली तळटीप असते, 'महाभारत, सभापर्व'. पण कोणतं महाभारत? भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. त्यासाठी शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. तिच्यातलं सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलं. त्या संहितेत हे वाक्य नाही.

मग आहे काय? निवेदक सांगतो, दुर्योधन पाण्यात पडला; सेवक हसले, भीम, अर्जुन, नकुल-सहदेव हसले. द्रौपदीचं नावही तिथे नाही. पुढे दुर्योधन धृतराष्ट्रापाशी गाऱ्हाणं नेतो, तेव्हा ती इतर स्त्रियांसह हसली असं तो सांगतो. म्हणजे एकाच पर्वात दोन वृत्तान्त, आणि दुसरा दुखावलेल्या माणसाचा. ते वाक्य मात्र त्याच्याही तोंडी नाही.

कोणी म्हणेल, लोकपरंपरा खोटी का? मुळीच नाही. कीर्तनातलं, मालिकेतलं महाभारत हाही अभ्यासाचा विषय आहे. चिकित्सक आवृत्ती हाही संपादकांचा निर्णयच. वगळलेले पाठ म्हणून तर तिथे खाली दिलेले असतात. पण मग संदर्भ कीर्तनाचा द्या, सभापर्वाचा नको.

न्यायदर्शनात शब्द प्रमाण मानला, तो आप्ताचा. ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त. इंटरनेटवर एक वाक्य हजार ठिकाणी सापडलं, म्हणून हजार आप्त मिळत नाहीत; बहुतेकांनी एकमेकांचंच उतरवलेलं असतं. म्हणून लिहिताना आपण तीन गोष्टी विचारू या. आवृत्ती कोणती? कोण कोणाला सांगतंय? आणि हे आपण स्वतः वाचलं, की दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलं? घेतलं असेल तर तसं लिहावं, त्यात कमीपणा नाही.

एवढं न केल्यामुळे, संहितेत नसलेल्या एका वाक्यापायी, भर सभेत विटंबना सोसलेल्या बाईवरच आपण युद्धाचं खापर फोडत आलो आहोत, आणि तेही तळटीप देऊन.