हरलेल्याचा डाव

आमच्या गावच्या वाचनालयाला दोन ओसऱ्या आहेत. उजव्या ओसरीवर वर्तमानपत्रे वाचली जातात, डाव्या ओसरीवर बुद्धिबळे खेळली जातात. ‘शांतता राखा’ ही पाटी दोन्हीकडे लावलेली आहे. पण ती पाळली जाते ती उजवीकडे. बुद्धिबळ हा मुक्या माणसांचा खेळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा संध्याकाळी आमच्या डाव्या ओसरीवर येऊन बसावे.

आमच्या मंडळींत एक वकील आहेत. पांढरी मोहरी हाती आली की दुसऱ्याच चालीला ते राजाकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलतात आणि ते प्रतिपक्षाच्या तोंडी देऊन हात चोळत बसतात. हाच तो किंग्ज गँबिट. समोर बहुधा निवृत्त पोस्टमास्तर असतात.

“घ्या की, पोस्टमास्तर! फुकट आहे!” वकील आग्रह करतात.

“तुमचे प्यादे म्हणजे बेअरिंग पत्र,” पोस्टमास्तर चष्मा पुशीत म्हणतात, “सोडवून घेणाऱ्यालाच भुर्दंड!”

काळी मोहरी घेतली की पोस्टमास्तरांचा जीव फ्रेंच डिफेन्सवर. राजापुढचे प्यादे एकच घर पुढे टाकायचे आणि दार लावून बसायचे. त्यात वजिराकडचा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. “त्या उंटाला पेन्शन लागू झाली की काय?” असे वकिलांनी विचारले नाही असा दिवस जात नाही. तिसरे आमचे कंपाउंडर. ते सदान्‌कदा लंडन पद्धतीने खेळतात. समोरचा काहीही करो, यांचे प्यादे, उंट आणि घोडे ठरलेल्या घरांवर जाऊन बसायचेच. “कोणताही रोगी येवो, बाटलीत तेच लाल औषध!” हा त्यांच्या खेळावरचा अभिप्राय आता जुना झाला आहे, तरी तो दररोज नव्याने दिला जातो आणि दररोज नव्याने हशा पिकतो.

सुरुवातींवरून गाडी आवडत्या खेळाडूंवर जाते. वकिलांचे दैवत मिखाईल ताल. बळी द्यावेत तर तालने! १९६० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बॉटविनिकसारख्या लोखंडी माणसाकडून त्याने जगज्जेतेपद हिसकावून घेतले, ही कथा ते आपण स्वतः तिथे हजर होतो अशा आवेशात सांगतात. “आणि पुढच्याच वर्षी ते ‘पाठविणाऱ्यास परत’ गेले,” असे म्हणून पोस्टमास्तर त्यावर शिक्का मारतात. त्यांचा मानकरी तिग्रान पेट्रोस्यान. १९६३ ते १९६९ अशी सहा वर्षे जगज्जेता राहिलेला हा माणूस जिंकण्यापेक्षा न हरण्याची काळजी अधिक घेई. कंपाउंडरांना कापाब्लांकाचा साधेपणा प्रिय. कॉलेजातली पोरे गुकेश आणि दिव्या या दोन नावांपलीकडे जायला तयार नसतात.

मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला एक मास्तर, आणि सवडीने चार कादंबऱ्या लिहिलेला माणूस. खेळात माझी गती बेताची; पण ही वादावादी मी मन लावून ऐकतो, कारण ती मला खरी समीक्षा वाटते. साहित्याच्या व्यासपीठांवर जे प्रश्न जड शब्दांत घोळले जातात, तेच इथे शेंगदाणे खाता खाता निकालात निघतात. कल्पनेची झेप मोठी की रचनेची बांधणी? साधेपणा म्हणजे प्रतिभेचा कळस की तिचा अभाव? लेखकाने दर वेळी नवे लिहावे की आपले एकच लेखन घोटीत राहावे? आणि या समीक्षकांनी स्वतः दहादा मार खाऊन मते बनविलेली असतात. केवळ प्रस्तावना वाचून नव्हे.

तरीही या समीक्षेत एक मोठी उणीव आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आमच्या ओसरीवर सांगितला जाणारा प्रत्येक डाव जिंकणाऱ्याचा असतो. हरणाऱ्याचे नाव कुणाला आठवत नाही. आठवले तर ‘समोर कोणीतरी होता’ इतपतच. कादंबरीकार म्हणून मला हे खटकायला हवे होते. पण ते कळायला मला वीस वर्षे लागली, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली.

वीस वर्षांपूर्वी शाळेत आम्ही मुलांचे सामने भरविले होते. शेवटच्या डावात आठवीतला एक मुलगा बरोबरी कबूल करता तर बक्षीस त्याचेच होते. त्याने ती नाकारली, एक घोडा बळी दिला आणि तो हरला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर पट आखला, त्याचा डाव मांडला आणि ‘कसे खेळू नये’ हे चाळीस मुलांना समजावून दिले. मुले पोट धरून हसली. माझी विनोदशक्ती त्या दिवशी मोठी बहरात होती. तास संपल्यावर मी फळा पुसला आणि त्या डावाचा कागद रद्दीत टाकला. तो मुलगा पुन्हा कधी बुद्धिबळाच्या खोलीकडे फिरकला नाही.

आता एका फार जुन्या डावाकडे वळतो. १८५१ सालच्या जूनमध्ये लंडनला ॲडॉल्फ अँडरसेन आणि लिओनेल किझरित्स्की सहज म्हणून खेळायला बसले. त्या वेळी तिथे मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती. पण हा डाव स्पर्धेतला नव्हे, मोकळ्या वेळेतला. अँडरसेन ब्रेस्लाऊचा गणिताचा मास्तर. किझरित्स्की मूळचा दोर्पातचा. तोही पूर्वी गणितच शिकवीत असे, आणि पुढे पॅरिसला ‘काफे द ला रेजांस’मध्ये पैसे घेऊन बुद्धिबळाचे धडे देऊ लागला. म्हणजे दोन मास्तरांचा हा डाव. अँडरसेनने आमच्या वकिलांप्रमाणेच किंग्ज गँबिट मांडला. मग त्याने एक उंट दिला, दोन्ही हत्ती दिले आणि अखेर वजीरही दिला. उरलेल्या दोन घोड्यांनी व एका उंटाने काळ्या राजाभोवती फास आवळला. त्या क्षणी किझरित्स्कीची गेलेली होती फक्त तीन प्यादी!

हा डाव आमच्या ओसरीवर शंभर वेळा सांगून झाला आहे. पण त्यात किझरित्स्कीने काय केले? चौथ्याच चालीला त्याने आपणहून एक प्यादे उलट बळी दिले. म्हणजे तोही त्याच धुंदीत खेळत होता. पुढे अठराव्या चालीला बचावाची अधिक चांगली वाट होती, हे नंतरच्या टीकाकारांनी दाखवून दिले आहे. सावध माणसाने ती शोधली असती, आणि मग तो डाव आज कुणाला ठाऊकही नसता. समोरच्याने देऊ केलेले दान धीटपणे उचलणारा कोणी नसेल, तर दात्याचे औदार्य दिसणार कुठे? त्या डावाचे कर्ते दोघे आहेत.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. हा डाव जगापुढे आणला तो अँडरसेनने नव्हे. किझरित्स्की ‘ला रेजांस’ नावाचे मासिक चालवीत असे. स्वतःच्या हातून हरलेला हा डाव त्यानेच त्याच वर्षीच्या जुलैत आपल्या मासिकात छापला. आपल्या पराभवाचे सौंदर्य पहिल्यांदा पराभूतालाच दिसले आणि ते त्याला लपवावेसे वाटले नाही. १८५३ साली तो वारला. फाल्कबीरने या डावाला ‘अमर डाव’ असे नाव दिले ते १८५५ साली. आपण अमर झालो हे किझरित्स्कीला कधी कळलेच नाही.

हे औदार्य सोपे नाही, कारण बुद्धिबळात फासा नसतो. द्यूतात हरलेल्या धर्मराजाला शकुनीच्या फाशांकडे बोट दाखविता येते. कर्णाच्या रथाचे चाक धरणीने गिळले, म्हणून आपण आजही हळहळतो. ‘मृत्युंजय’ची पारायणे करतो. पटावर शाप नाही, कपट नाही, वारा-पाऊस नाही. दोघांना मोहरी सारखीच. हरलो तो माझ्याच चालीने हरलो, एवढे एकच उत्तर उरते. म्हणून हरल्यावर समोरच्याची वाहवा करायला जी छाती लागते, ती मला वजीर बळी देणाऱ्याच्या छातीपेक्षा मोठी वाटते.

अशी छाती १९७२ साली रेक्याविकला दिसली. जगज्जेतेपदाच्या सामन्यातला सहावा डाव. बॉबी फिशर जवळजवळ नेहमी राजापुढचे प्यादे आधी खेळे. त्या दिवशी त्याने वजिराकडच्या उंटाचे प्यादे काढून सर्वांना चकित केले, आणि डाव अशा वळणावर नेला की बोरिस स्पास्कीला स्वतःच्याच आवडत्या बचावात, टार्टाकोव्हर पद्धतीत, हार खावी लागली. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्यांत जगज्जेत्या स्पास्कीच्याही टाळ्या होत्या. स्पास्की २०२५ साली वारला. त्याचे कितीतरी विजय मी विसरलो आहे. त्या टाळ्या विसरलेलो नाही.

पोस्टमास्तरांच्या पेट्रोस्यानकडेही मी आता वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहे. १९५३ साली झुरिकला रेशेव्हस्कीविरुद्ध तो अडचणीत होता. पांढऱ्याची मधली प्यादी चालून येत होती. पेट्रोस्यानने आपला हत्ती शांतपणे अशा घरात नेऊन ठेवला, की उंटाने तो खुशाल मारावा. मात करण्यासाठी हे दान नव्हते. प्याद्यांची वाट अडावी आणि आपल्या घोड्याला मध्यभागी भक्कम जागा मिळावी, एवढ्याचसाठी होते. डाव बरोबरीत सुटला. वकील म्हणतात, “बरोबरीसाठी हत्ती? वेड लागले आहे!” मला मात्र त्या चालीत घर वाचविण्यासाठी मुकाट्याने दागिने मोडणारी बाई दिसते. तिच्यावर पोवाडे होत नाहीत.

हल्ली पोरांच्या खिशात एक नवा टीकाकार आला आहे. फोनवरचे यंत्र प्रत्येक चालीला आकडा देते आणि चुकीच्या चालीपुढे दोन प्रश्नचिन्हे ठोकून मोकळे होते. त्याचे गणित मी नाकारीत नाही. पण २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूरला चौदाव्या, म्हणजे शेवटच्या डावात डिंग लिरेनने पंचावन्नाव्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला, तेव्हा आमच्या ओसरीवर पोरे ओरडली, “ब्लंडर! ब्लंडर!” अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. आनंद मलाही झालाच. पण त्या पोरांनी एक गोष्ट पाहूनही पाहिली नाही. जिंकलेला गुकेश रडत होता आणि रडता रडता पटावरची मोहरी पुन्हा आपापल्या घरी नीट लावून ठेवीत होता. आणि नंतर बोलताना त्याने डिंगच्या झुंजीचा गौरव केला. चूक यंत्राला दिसली. चौदा डाव झुंजलेला माणूस गुकेशला दिसला.

२०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले. ते वाजायलाच हवे होते. एकोणीस वर्षांची आपली पोर, आईच्या गळ्यात पडून रडणारी! पण समोर कोनेरू हंपी होती. २००२ साली, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली, आणि अडतिसाव्या वर्षी पुन्हा अंतिम सामन्यात उभी ठाकलेली. संथ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, जलद डावांतला पहिलाही सुटला. एवढी चिवट हंपी समोर नसती, तर दिव्याच्या यशाला एवढी झळाळी कुठून येती? त्या दिवशी ओसरीवर हंपीचे नाव एकट्या पोस्टमास्तरांनी घेतले.

गेल्या दिवाळीत भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ वाचनालयाच्या पायऱ्या चढून आले. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे त्यांचे दुकान आहे. “ओळखलंत का, सर?” म्हणाले. मी ओळखले. तो आठवीतला मुलगाच होता तो. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग पटाकडे पाहत त्याने हळूच विचारले, “सर, तो घोडा खरंच एवढा वाईट होता का हो?”

मला उत्तर देता येईना. डावाचा कागद मीच रद्दीत टाकला होता. पण त्याला प्रत्येक चाल पाठ होती. वीस वर्षे! त्याने पट लावला. वकील, पोस्टमास्तर, कंपाउंडर सगळे भोवती जमले. घोडा बळी दिला तिथे वकिलांनी “वा!” म्हणून मांडीवर थाप मारली. पोस्टमास्तर दहा मिनिटे बचाव शोधीत राहिले आणि शेवटी त्यांना तो सापडला. एकच चाल होती, तीही आडवळणाची. ती त्या दिवशी समोरच्या तेरा वर्षांच्या मुलाने शोधली होती, आणि त्याचेही कौतुक मी केले नव्हते. एका पोराने फोन काढला. पोस्टमास्तरांनी त्यावर हात ठेवला. “राहू दे. आम्ही बघतो आहोत.”

मी वाचनालयाकडून एक कोरी वही मागून घेतली आणि तो सांगत गेला तसा डाव पहिल्या चालीपासून उतरवून काढला. वर दोघांचीही नावे घातली. आता त्या वहीत असे सतरा डाव झाले आहेत, आणि अट एकच आहे : डाव हरलेल्यानेच आणून द्यायचा. वकिलांनी पाच दिले, कंपाउंडरांनी तीन. पोस्टमास्तर अजून म्हणतात की आपण हरलोच नाही, बरोबरी होती. वही डाव्या ओसरीवरच्या कपाटात, खालच्या फळीवर आहे. दिवाळीच्या सुटीत आमच्या गावी आलात, तर अवश्य मागून घ्या. आणि जमल्यास आपलाही एखादा डाव लिहून ठेवा.