शब्द कळत नाहीत

गेल्या वैशाखात माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. मूळचा दौंडचा, रांजणगावच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो, म्हणून शिरूरला खोली घेऊन राहतो. आल्याआल्या पाया पडला आणि खिशातून फोन काढून म्हणाला, "सर, आम्ही तिघांनी मिळून गाणी केलीत. चार आहेत. ऐका, आणि खरं काय ते सांगा."

गाणी ‘मेटल’ नावाच्या जातकुळीतली होती. दिवाळी अंक घरातल्या सगळ्यांच्या हातून फिरतो, तेव्हा आजीबाईंसाठी सांगतो: विजेच्या गिटारींचा सूर मुद्दाम फाटका आणि जाड केलेला, ड्रमचा मारा अखंड, आणि गाणारा पुष्कळदा गातच नाही, घशाच्या तळातून गुरगुरतो. या मंडळींना नावेही तशीच सुचतात. मुंबईत एका वाद्यवृंदाने स्वतःचे नाव चक्क ‘भयानक मौत’ असे ठेवले!

पहिले गाणे संपते न संपते तोच मी म्हणालो, "शब्द कळत नाहीत रे."

त्याचा चेहरा उतरला. "सगळे हेच म्हणतात, सर. वडील म्हणाले, यार्डात डबे आदळल्यासारखं वाटतंय. ह्यातलं कुणाला काही कळतच नाही." आणि चहा न घेताच तो उठला.

माझी पहिली कादंबरी आली तेव्हा एका गृहस्थांनी ती न उघडताच ‘हल्ली कादंबऱ्या फार झाल्या’ असे मला सुनावले होते. त्या रात्री ते मला पुन्हा आठवले, कारण मीही तेच केले होते. मुलाने गाणे पुढे केले आणि मी शेरा मारला तो गाण्याच्या जातीवर.

म्हणून ही जात कुठली, ते आधी पाहिले. तिचे मूळ इंग्लंडात, बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात सापडते. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्याच दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारीच्या तारा दाबायची बोटेच गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली. पुढे तारा सैल करून सूर खाली उतरवला. ‘ब्लॅक सॅबथ’चा तो जड, काळाकुट्ट नाद अशा हातातून आलेला आहे. १९७० साली त्यांची पहिली तबकडी निघाली, तेव्हा ‘रोलिंग स्टोन’ या नामांकित नियतकालिकाने तिची रेवडी उडवली. त्याच वर्षी इंग्लंडात त्यांची दुसरी तबकडी निघाली. ती टीकेला उत्तर म्हणून काढली असे मी म्हणत नाही. पण हात थांबला नाही, एवढे खरे.

मग मुंबईच्या ‘डेमोनिक रिझरेक्शन’ या वृंदाचा २०१७ सालचा ‘दशावतार’ ऐकला. साहिल मखिजा हे त्याचे सूत्रधार. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गाणी, आणि भाषा इंग्रजी. कीर्तनात वाढलेल्या माझ्या कानांना आधी हे सोंगच वाटले. पण खांब फोडून निघालेला नृसिंह गोड गळ्याने गायचा तरी कसा? तिथे हा गुरगुरणारा घसा शोभतो. या संगीताची खरी कसोटी मला वामनापाशी जाणवली. तीन पावले जमीन मागणारा बटू आधी लहान दिसला पाहिजे, तरच त्याच्या वाढण्याचा धाक. जी वाद्ये पहिल्या क्षणापासून सगळ्या ताकदीनिशी बोलतात, त्यांनी लहान व्हायचे कसे? हा प्रश्न ‘मेटल नकोच’ म्हणणाऱ्याला पडत नाही. ते मान्य करून ऐकणाऱ्यालाच तो पडतो.

त्यानंतर आमच्या मुलाची गाणी पुन्हा लावली. दुसरे गाणे रात्रीच्या दौंड जंक्शनावर आहे, हे मला चौथ्या वेळी कळले. मग हसू आले. वडिलांनी चेष्टेने जे म्हटले, तेच त्याला साधायचे होते! आयुष्य रेल्वेत काढलेल्या माणसाने डबे आदळल्यासारखे वाटते म्हणावे, यापरती दाद कोणती? पण पोराच्या कानाला तो अपमान वाटला. नवे काही करून लोकांपुढे ठेवणाऱ्याचे हे असे होते. जातीवरच्या शेऱ्याने तो इतका पोळतो की कामावरचा शेराही त्याला जातीवरचाच वाटतो, आणि सगळ्यांनाच उत्तर देत बसतो.

मी त्याला बोलावून घेतले. म्हटले, "यार्डात रात्री धडक ऐकू येते, कारण तिच्याआधी शांत असतं. तुझा ड्रम पहिल्यापासून इतका बडवतोय की धडक येऊन गेली तरी समजत नाही." आणि शब्दांचे म्हणशील तर चौफुल्याला जाऊन लावणी ऐक, असेही सांगितले. (शिक्षकाने विद्यार्थ्याला चौफुल्याला जा म्हणावे, हे सौभाग्यवतींना अजून पटलेले नाही.) तिथे ढोलकी काही हळू वाजत नाही, पण फर्माईश करणारा समोरच बसलेला असतो, त्याला शब्द पोचला नाही तर गाणारणीला ते तिथल्या तिथे कळते. ती लावणी सोडत नाही, व्यंजन ठसवते. गुरगुरतानाही ‘क’ आणि ‘ट’ टाळूला लागलेच पाहिजेत.

तो काही बोलला नाही. चहा मात्र प्याला.

घटस्थापनेच्या आधी तो पुन्हा आला. दुसरे गाणे नव्याने केले होते. आता सुरुवातीला एक गिटार लांबून कुरकुरते, मग काहीच नाही, आणि त्या काहीच नसण्यात पहिला दणका बसतो. आमच्या दारावरची चिमणी उडाली. शब्द मला निम्मे कळले. तसे मी सांगितले.

"निम्मे ना? मागच्या खेपेला एकही नव्हता कळला," तो म्हणाला.

तिसऱ्या गाण्याला मात्र त्याने हात लावलेला नाही. त्याची लांबी मला आजही निष्कारण वाटते, आणि त्यातला मधला गिटारीचा तुकडा म्हणजे नुसता दिमाख. पण तिथे तो ऐकायला तयार नाही. वडिलांना तेच आवडते म्हणे.