जहाज उगवत नाही

टायटॅनिक १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडालं. त्यानंतर नऊ दिवसांनी, २४ एप्रिलला, टॉमस हार्डीने त्याच्यावरची कविता लिहिली. १४ मे रोजी लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये मदतनिधीसाठी नाटक-संगीताचा कार्यक्रम झाला, त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत ती पहिल्यांदा छापून आली. नाव 'द कन्व्हर्जन्स ऑफ द ट्वेन', म्हणजे दोघांचं एकत्र येणं. इंग्रजी साहित्य शिकलेल्या बऱ्याच जणांना ती परीक्षेसाठी का होईना वाचावी लागलेली असते. कविता चांगली आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिच्याशी भांडणार आहे.

अकरा कडवी, प्रत्येकी तीन ओळी. पहिल्या दोन आखूड, तिसरी लांब. कागदावर बघितलं तर प्रत्येक कडवं पाण्यावर टेकलेल्या जहाजासारखं दिसतं. सुरुवात समुद्राच्या तळाशी होते. माणसाच्या दिमाखाची सगळी सामग्री तिथे पडलेली आहे आणि तिच्यावरून सागरी किडे सरपटतायत. मासे विचारतात, ही एवढी मिजास इथे खाली काय करतेय? मग सहाव्या कडव्यापासून कविता मागे जाते आणि उत्तर देते: हे जहाज घडत होतं तेव्हाच विश्वाला चालवणारी एक आंधळी इच्छाशक्ती त्याच्यासाठी जोडीदार तयार करत होती. बर्फाचा.

लोकांना सगळ्यात जास्त खटकतं ते हे की दीड हजार माणसं मेली आणि त्यांच्या कुटुंबांसाठी भरवलेल्या कार्यक्रमातल्या या कवितेत मेलेलं एकही माणूस नाही. मला हे इतकं खटकत नाही. शोकगीत लिहिणारे त्या महिन्यात पुष्कळ होते, आणि हार्डीने ते टाळलं हे बरंच झालं. मला अडकवतं ते आठवं कडवं. तिथे हार्डी जहाज आणि हिमनग या दोघांनाही एकच क्रियापद वापरतो: वाढणं. इकडे जहाज वाढतंय, तिकडे दूर, अंधाऱ्या शांततेत हिमनग वाढतोय. कवितेचा सगळा तोल या एका क्रियापदावर आहे. दोघं समान पद्धतीने वाढले तरच ते जोडीदार ठरतात, आणि जोडीदार ठरले तरच टक्कर लग्नासारखी अटळ वाटते.

पण हिमनग वाढतो. जहाज वाढत नाही, ते बांधावं लागतं. आणि ते बांधलं जाण्याची जागा शांत तर अजिबातच नव्हती.

ती जागा म्हणजे बेलफास्टचं क्वीन्स आयलंड, हार्लंड अँड वुल्फची गोदी. ऑलिंपिकचा तळकणा डिसेंबर १९०८ मध्ये बसवला, टायटॅनिकचा ३१ मार्च १९०९ ला, शेजारच्याच उतारावर. दोन्हींच्या डोक्यावर विल्यम अ‍ॅरोलच्या कंपनीने उभारलेला लोखंडी सांगाडा होता, ८४० फूट लांब, त्यात क्रेन आणि लिफ्ट. गोदीत साधारण पंधरा हजार माणसं कामाला. वेल्डिंग तेव्हा जहाजबांधणीत आलेलं नव्हतं, त्यामुळे पोलादाचा प्रत्येक पत्रा शेजारच्या पत्र्याला रिव्हेटने जोडायचा. टायटॅनिकमध्ये असे सुमारे तीस लाख रिव्हेट होते.

एक रिव्हेट कसा बसायचा ते जरा सावकाश बघू. टोळी साधारण पाच जणांची. एक पोरगा छोट्या भट्टीवर रिव्हेट तापवतो. नीट लाल झाला की चिमट्याने उचलून दुसऱ्या पोराकडे भिरकावतो. दुसरा तो झेलतो, चिमट्याने धरतो आणि पत्र्यांच्या भोकात घालतो. आतल्या बाजूला एक माणूस जड हातोडा रिव्हेटच्या डोक्यावर रेटून धरतो. बाहेरच्या बाजूला दोघे रिव्हेटवाले, एक उजवा आणि एक डावखुरा, आळीपाळीने घाव घालतात आणि लाल टोक ठोकून त्याची टोपी करतात. रिव्हेट थंड होताना आकसतो आणि दोन पत्रे एकमेकांवर आवळले जातात. मजुरी मोजून मिळायची, जितके रिव्हेट तितके पैसे. तपासनीस येऊन हातोडीने टकटक करून बघायचा. सैल वाजला तो रिव्हेट धरायचा नाही. जहाजाच्या मधल्या भागात हायड्रॉलिक यंत्राने रिव्हेट ठोकता येत होते. नाळेकडे आणि वऱ्हाकडे, जिथे पत्रे वळतात आणि यंत्र पोचत नाही, तिथे हातानेच. लोखंडी पोकळीत दिवसभर शेकडो हातोडे. या धंद्यातली माणसं म्हातारी होण्याआधी बहिरी व्हायची.

झेलणाऱ्या पोरांपैकी एक सॅम्युएल स्कॉट. वय १५. एप्रिल १९१० मध्ये शिडीवरून पडून कवटी फुटून गेला. टायटॅनिक बांधताना मेलेल्या आठ जणांमधला तो एक. पाण्यात उतरण्याच्या दिवशी, ३१ मे १९११ ला, जेम्स डॉबिन नावाचा कामगार टेकूचे ओंडके अंगावर पडून जबर जखमी झाला आणि नंतर दगावला. त्या दिवशी जहाज ६२ सेकंदांत पाण्यात गेलं होतं. उतारावर सुमारे २२ टन चरबी, साबण आणि तेल थापलं होतं. सॅम्युएलच्या कबरीवर दगड बसायला २०११ उजाडलं.

या माणसांची यादी कवितेत हवी होती असं माझं म्हणणं नाही. कवितेला हजेरीपट लागत नाही. पण 'वाढलं' म्हटलं की नुसती माणसंच जात नाहीत, निर्णयही जातात. कोणीतरी ठरवलं म्हणून जहाज एवढं मोठं झालं. हार्डीच्या मांडणीत ते ठरवणारे अलगद सुटतात आणि सगळा भार विश्वाच्या इच्छाशक्तीवर जातो. जहाज कंपन्यांच्या संचालकांना याहून सोयीची कविता मिळाली नसती.

ते निर्णय काय होते? त्या दहा वर्षांत युद्धनौका आणि प्रवासी जहाजं एकाच चुलीवर शिजत होती. पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत ड्रेडनॉटचा तळकणा २ ऑक्टोबर १९०५ ला बसवला आणि १० फेब्रुवारी १९०६ ला सातव्या एडवर्डच्या हस्ते जहाज पाण्यात उतरलंसुद्धा. एक वर्ष आणि एक दिवसात युद्धनौका, असा गाजावाजा झाला. (सामान आधीपासून साठवून ठेवलं होतं, आणि दुसऱ्या दोन युद्धनौकांसाठीच्या तोफांच्या बैठका उचलून हिला दिल्या होत्या. हे गाजावाजात नव्हतं.) दहा बारा-इंची तोफा, पार्सन्सची वाफेची टर्बाइन, २१ नॉट वेग. जर्मनीनेही तशाच बांधायला घेतल्या आणि शर्यत लागली. प्रवासी जहाजांतही तीच चढाओढ. क्युनार्ड कंपनीला ब्रिटिश सरकारने २६ लाख पौंड कर्ज आणि वर्षाला दीड लाख पौंड दिले. अट अशी, की जहाजांना २४ नॉटच्या वर वेग हवा आणि युद्ध झालं तर त्यांच्यावर तोफा चढवता आल्या पाहिजेत. त्यातून १९०७ मध्ये लुसिटानिया आणि मॉरिटेनिया आली, पार्सन्सच्याच टर्बाइनवर. वेगात त्यांच्याशी टक्कर नको म्हणून व्हाइट स्टार कंपनीने आकार आणि थाटमाट निवडला. टायटॅनिक हे या निवडीचं नाव.

हे सगळं त्याच वेळी एका लेखकाने सांगितलं होतं. जोसेफ कॉनरॅड आयुष्याची वीसेक वर्षं समुद्रावर काढून लेखनात आलेला माणूस. त्याच्या 'करेन' या कथेचं हस्तलिखित न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाकडे चाललं होतं आणि ते टायटॅनिकबरोबरच बुडालं. १९१२ च्या मे आणि जुलैमध्ये 'इंग्लिश रिव्ह्यू'मध्ये त्याने दोन लेख लिहिले, दोन्ही रागाने पेटलेले. त्याचं म्हणणं सरळ आहे: काही हजार श्रीमंतांना खूश करायला पातळ पत्र्याचं एक ४५ हजार टनांचं हॉटेल बांधलंत, त्यात राजवाड्यांची सजावट केलीत, ते वेगाने सोडून दिलंत आणि आता आश्चर्य कसलं करता? एका ठिकाणी तो चक्क बिस्किटाच्या डब्याशी हिशेब घालतो. सरकारी खात्याचीही तो सालं काढतो. ते खातं होतंही त्या लायकीचं: होड्यांचा नियम १८९४ चा, १० हजार टनांच्या वरच्या सगळ्या जहाजांना १६ होड्या पुरेत असं सांगणारा. टायटॅनिकवर २० होत्या, जागा १,१७८ माणसांना. जहाजावर माणसं दोन हजारांहून बरीच जास्त होती.

हार्डी आणि कॉनरॅड लागोपाठ वाचले तर कॉनरॅड जास्त प्रामाणिक वाटतो. तरीही त्याचा लेख वाचताना एक गोष्ट बोचते. त्याचं प्रेम डेकवर संपतं. खलाशी, कप्तान, इंजिनाखाली राहिलेली माणसं यांच्याबद्दल तो जीव तोडून लिहितो. पत्र्याचा डबा म्हणतो, पण तो डबा ठोकणारे हात त्याला दिसत नाहीत. समुद्रावरच्या माणसाला गोदी ही फक्त जहाज येण्याची जागा वाटत असावी.

मग गोदी कुठे दिसते? रॉबर्ट वेल्चच्या फोटोंत. तो कंपनीचा अधिकृत छायाचित्रकार होता आणि आज आपण टायटॅनिक बांधतानाचं जे काही मोबाइलवर बघतो त्यातलं बरंचसं त्याच्या काचेच्या प्लेटांवरून आलेलं आहे. क्वीन्स रोडवरून सुट्टी होऊन बाहेर पडणारी कामगारांची गर्दी, मागे सांगाड्यात टायटॅनिकची नाळ, हा त्याचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो. इतर अनेक फोटोंत पंख्याखाली किंवा नांगराच्या साखळीजवळ एखादा माणूस उभा केलेला असतो, वस्तू केवढी मोठी आहे हे कळावं म्हणून. फूटपट्टीच्या जागी माणूस. क्वीन्स रोडच्या फोटोत मात्र हा हिशेब उलटतो. ती गर्दी इतकी आहे की जहाजच त्यांच्यामागे पार्श्वभूमीला जातं. कंपनीला हे हवं होतं की नाही कोण जाणे, पण फोटोत ते आहे.

जेम्स कॅमेरॉनच्या १९९७ च्या चित्रपटात जहाज बांधणारा म्हणून एकच माणूस आहे, टॉमस अँड्र्यूज. सज्जन, खिन्न, हातात नकाशे. कामगारांच्या वाट्याला येतं ते जेमतेम एक वाक्य. डेकवर गप्पा चालू असताना टॉमी रायन नावाचा आयरिश पोरगा अभिमानाने सांगतो की हे जहाज पंधरा हजार आयरिश माणसांनी बांधलंय. थिएटरमध्ये हे वाक्य ऐकून बरं वाटतं. गरिबाला निदान श्रेय तरी मिळालं. पण याच वाक्याने मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

टायटॅनिक क्वीन्सटाउनहून निघालं ११ एप्रिल १९१२ ला. त्याच दिवशी लंडनच्या पार्लमेंटात आस्क्विथने आयर्लंडला स्वतःचं सरकार देणारं विधेयक मांडलं. बेलफास्टच्या प्रॉटेस्टंटांना ते नको होतं, आणि गोदीतले बहुसंख्य कामगार प्रॉटेस्टंट होते. जुलै १९१२ मध्ये, म्हणजे जहाज बुडून तीन महिने होतात न होतात तोच, त्यांच्यातल्या जमावांनी कॅथलिक सहकाऱ्यांना मारून, हुसकावून गोद्यांबाहेर काढलं. शहरभरात मिळून सुमारे तीन हजार माणसांनी काम गमावलं. त्यांत काही शे प्रॉटेस्टंटही होते, समाजवादी म्हणून किंवा संघटनेत फार बोलतात म्हणून. टॉमी रायनसारखं नाव आणि बोलणं असलेला माणूस त्या जुलैत क्वीन्स रोडवर सुखरूप चालू शकला नसता. पंधरा हजार आयरिश माणसं हे त्यातल्या बहुतेकांनी स्वतःबद्दल म्हटलेलं नसतं, निदान कॅमेरॉनला अभिप्रेत असलेल्या अर्थाने तरी नाही.

म्हणजे हार्डीने कामगार गाळले, कॉनरॅडला ते दिसले नाहीत, आणि कॅमेरॉनने त्यांना एकसंध, गोड, निरागस करून टाकलं. तिसरी चूक मला पहिल्या दोन्हींपेक्षा वाईट वाटते. गाळलेल्या माणसाबद्दल निदान प्रश्न तरी विचारता येतो.

हातांचं कौतुक करणाऱ्या लिखाणात हे कायम होतं. रिव्हेटच्या टोळीत पाच जणांना एकमेकांच्या हातांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा लागतो. लालबुंद लोखंड हवेतून येत असतं. हाच माणूस दुपारी जमावात असू शकतो. ही दोन्ही वाक्यं एका ठिकाणी लिहिण्याची हिंमत फार थोड्यांना झाली.

सॅम थॉम्पसनला झाली. जन्म १९१६, चौदाव्या वर्षी हार्लंड अँड वुल्फमध्ये रंगारी म्हणून उमेदवारीला लागला. त्याचं 'ओव्हर द ब्रिज' हे नाटक गोदीतच घडतं. पीटर ओबॉइल हा कॅथलिक कामगार. जमाव सांगतो, काम सोडून निघून जा. तो जात नाही. त्याच्या बाजूला डेव्ही मिचेल उभा राहतो, प्रॉटेस्टंट, म्हातारा, जन्मभर कामगार संघटनेत घालवलेला. तो भाषण करत नाही. आपल्या बाकावर जाऊन रोजचं काम करायला लागतो, कारण कामाला येण्याचा दुसऱ्याचा हक्क राखायचा तर आपणही कामावर असलं पाहिजे एवढंच त्याला ठाऊक आहे. जमाव त्याला मारून टाकतो.

नाटक म्हणून त्यात अडचणी आहेत. संघटनेच्या नियमपुस्तकावरचे वाद लांबतात, बायकांच्या भूमिका अर्ध्यामुर्ध्या आहेत. पण त्यातली माणसं नियमपुस्तकावरून भांडतात, टिंगल करतात, घाबरतात, आणि जमावाच्या पुढाऱ्यालाही बोलायला पूर्ण जागा मिळते. जहाज कुठेच दिसत नाही. कोणतं जहाज बांधतायत याची कोणाला पर्वाही नाही. मला ही नाटकातली सगळ्यात खरी गोष्ट वाटते. आपण शंभर वर्षं त्या जहाजाकडे बघत बसलो आहोत आणि बांधणाऱ्यांना ते बहुधा आजचं काम एवढंच होतं.

१९५९ मध्ये बेलफास्टचं अल्स्टर ग्रुप थिएटर हे नाटक करणार होतं. तालमींच्या वेळी संचालक मंडळाने काटछाट मागितली. धार्मिक आणि राजकीय भावना दुखावतील म्हणून. थॉम्पसन नाही म्हणाला. नाटक मागे घेतलं गेलं. दिग्दर्शक जेम्स एलिसने तिथला राजीनामा दिला, त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि जानेवारी १९६० मध्ये बेलफास्टच्याच एम्पायर थिएटरमध्ये पडदा उघडला. दंगल होईल अशी भीती होती. दंगल झाली नाही. आठवडेच्या आठवडे थिएटर भरत राहिलं, आणि प्रेक्षकांत गोदीतून आलेले लोकही होते.