ओहोटीवांचून शिंपले

जपानच्या निन्टेंडो कंपनीनें मार्च २०२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' ह्या खेळास वाङ्मयाच्या पंक्तीस बसवावें कीं नाहीं, हा वाद आम्ही येथें उपस्थित करीत नाहीं. परंतु ज्या कृतींत एक बेट, त्यावरील शेजारी, ऋतु आणि नित्याचे व्यवसाय यांची रचना कोणीं तरी विचारपूर्वक केली आहे, तिची परीक्षा करण्यास टीकाकारानें संकोच कां मानावा? त्या व्यवसायांपैकीं शिंपले खणण्याचा व्यवसाय अगदीं क्षुल्लक दिसतो. पण ह्या कृतीचे गुण व दोष त्यांत एकत्र सांपडतात.

खेळाडू किनाऱ्यावरून चालतांना वाळूंत एक बारीक छिद्र दिसतें व त्यांतून पाण्याची चिळकांडी उडते. तेथें फावडें मारलें कीं शिंपला हातीं येतो. जपानी लोक ज्याला 'असारी' म्हणतात तो हा. आमच्या कोंकणांतील तिसऱ्या ह्याच्याच कुळांतल्या. वाळूंत पुरून राहणारा हा प्राणी नळ्यांवाटे पाणी आंत घेतो व बाहेर टाकतो. त्यास धक्का लागला कीं तो अंग आक्रसून घेतो आणि पाणी वर उडतें. खेळाच्या कर्त्यांनीं ही खूण निसर्गांतूनच उचलली आहे, आणि ती मोठ्या मार्मिकपणें. ज्याचें लक्ष पायांखालीं आहे त्यालाच येथें लाभ होतो.

परंतु ह्या बेटावरील शिंपल्यांस भरती-ओहोटीचें बंधन नाहीं. खेळांतील घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतें. ऐंशी जातींच्या माशांपैकीं बहुतेक महिना व प्रहर पाहून येतात. शिंपला मात्र बारमाही व अहोरात्र. जपानांत वसंत ऋतूंतील मोठ्या ओहोटीस कुटुंबेंच्या कुटुंबें असारी वेंचावयास जातात. त्या आनंदाचा प्राण समुद्रानें दिलेल्या थोड्या अवधींत आहे. कोंकणांतील खाडीवर तिसऱ्या काढणाऱ्या बाईलाही पाणी चढण्यापूर्वीं टोपली भरावी लागते. हा अवधि काढून टाकला म्हणजे वेंचणें उरतें, वेळ साधणें उरत नाहीं.

आतां उपयोगाकडे वळूं. शिंपला विकल्यास शंभर 'बेल' मिळतात. पण त्याचा मुख्य उपयोग आमिषासाठीं. एका शिंपल्याचें एक आमिष होतें, आणि तें पाण्यांत टाकतांच मासा येतो. मात्र तो त्या महिन्याचा व त्या घटकेचाच असतो. ऋतूचा नियम आमिषानेंही मोडत नाहीं, ही गोष्ट स्तुत्य आहे. दुर्मिळ माशाच्या लोभानें खेळाडू शिंपल्यांचे ढीग जमवितो. मूळ आवृत्तींत प्रत्येक आमिष मेजावर स्वतंत्र बनवावें लागे. म्हणजे पन्नास आमिषांसाठीं पन्नास वेळां तीच कृति. हा कंटाळा रचनेचा दोष होय, असें कोणीही म्हणेल. आमचें मत भिन्न आहे. खणून नेलेल्या शिंपल्यांची जागा येथें नवे शिंपले घेतच राहतात. असल्या अक्षय्य किनाऱ्यावर हांवेला आवर घालणारा कंटाळा हाच एक बांध होता. खरा दोष किनारा अक्षय्य करण्यांत आहे. खरे किनारे रिते होतात. म्हणून लहान शिंपले परत वाळूंत सोडावे लागतात. ह्या बेटावर लहान शिंपला नाहींच, तेव्हां सोडून देण्याचा प्रश्नही नाहीं.

ज्या कृतीनें एका चिळकांडीवरून जिवंत प्राणी ओळखावयास शिकविलें, तिनेंच त्याचा केवळ कच्चा माल करावा, ही तिची मुख्य विसंगति होय. तथापि पालकांनीं हा खेळ मुलांच्या हातून काढून घ्यावा असें आम्ही सुचवीत नाहीं. बारकाईनें पाहण्याची संवय कोठूनही लागली तरी ती लाभाचीच. समुद्र जवळ असेल तर एखाद्या ओहोटीस मुलांना किनाऱ्यावर मात्र अवश्य न्यावें, आणि पाणी चढूं लागेपर्यंत तेथें थांबावें.