पाण्यातील लिथियम आणि स्मृतिभ्रंश : एक परीक्षण

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. वैद्यक हे त्याचे क्षेत्र नव्हे. तरीही लार्स वेडेल केसिंग या डॅनिश मनोविकारतज्ज्ञांच्या संशोधनाचा परामर्श येथे घेण्यास दोन कारणे आहेत. त्यांनी ज्या विकाराचा अभ्यास केला, त्याची प्रारंभीची खूण पुष्कळदा भाषेतच उमटते. ज्यांनी आम्हाला व्याकरण शिकवले, त्या एका वृद्ध गुरुजींना आज ‘लेखणी’ हा शब्द आठवत नाही. ‘लिहायचे ते द्या’ असे ते म्हणतात. नाम हरपले, क्रियापद तेवढे उरले. दुसरे कारण असे, की अशा संशोधनाचे निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचेतो त्यांतील वाक्यरचनाच पालटून गेलेली असते.

ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर लिथियमचा उपयोग प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे औषध मनोविकारचिकित्सेत रूढ आहे. डेन्मार्कमधील औषधनोंदींच्या आधारे केसिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली असे दाखविले, की लिथियम एकदाच घेऊन सोडणाऱ्यांपेक्षा ते सातत्याने घेणाऱ्या रुग्णांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी होऊन सर्वसाधारण लोकसंख्येच्या पातळीस येते. यावरून पुढचा प्रश्न सुचला : पिण्याच्या पाण्यात निसर्गतःच असणाऱ्या लेशमात्र लिथियमचाही असाच परिणाम होत असेल काय?

या प्रश्नाचा शोध घेणारा निबंध २०१७ साली ‘जामा सायकिॲट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाचे ७३,७३१ रुग्ण आणि तुलनेसाठी ७,३३,६५३ व्यक्ती, एवढा त्याचा विस्तार आहे. दर लिटरास २ ते ५ मायक्रोग्रॅम लिथियम असलेल्या पाण्याच्या तुलनेत, १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक लिथियम जेथे होते तेथे स्मृतिभ्रंशाचा दर १७ टक्क्यांनी कमी आढळला. वृत्तपत्रांनी उचलून धरला तो एवढाच आकडा. परंतु त्याच निबंधात ५.१ ते १० मायक्रोग्रॅमच्या गटात हा दर २२ टक्क्यांनी अधिक आहे, आणि १०.१ ते १५ च्या गटात लक्षणीय फरक नाही. मात्रा वाढता वाढता संकट आधी वाढते, मग सरते, मग उलटते. लिथियम हेच जर एकमेव कारण असते, तर अशा वक्र रेषेचे स्पष्टीकरण द्यावे लागले असते. निबंधात ते समाधानकारक रीतीने मिळत नाही.

दुसरा आक्षेप पद्धतीविषयी आहे. येथे मोजले आहे ते नगरपालिकेच्या क्षेत्रातील पाणी. कोणी किती पाणी प्यायले, हे नव्हे. रोगनिदानही रुग्णालयाच्या नोंदींतून आले आहे. एखाद्या क्षेत्रातील लोकांचे शिक्षण, उत्पन्न, वैद्यकीय सोयी यांचा प्रभाव पाण्याच्या नावावर जमा होऊ शकतो. ही शक्यता नाकारता येत नाही, असे लेखकांनी स्वतःच नमूद केले आहे, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. त्याच वर्षी केसिंग यांनी पाण्यातील लिथियम व द्विध्रुवी मनोविकार यांचाही शोध घेतला, आणि अधिक लिथियममुळे त्या विकाराचे प्रमाण घटत नाही, असा निष्कर्ष दडवून न ठेवता प्रसिद्ध केला. ज्या विकारावर लिथियम हे मान्य औषध आहे, तेथेच पाण्याचा प्रभाव दिसू नये, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

मात्रेचाही हिशेब पाहावा. ९०० मिलिग्रॅम लिथियम कार्बोनेटमध्ये सुमारे १७० मिलिग्रॅम लिथियम असते. २० मायक्रोग्रॅमचे दोन लिटर पाणी केवळ ०.०४ मिलिग्रॅम देते. अंतर चार हजार पटींहून अधिक आहे. औषधाचा अनुभव पाण्याला लागू करणे म्हणूनच सरळ अनुमान नव्हे. उलट, ब्रूस यांकनर यांच्या गटाने २०२५ साली ‘नेचर’मध्ये मेंदूतील लिथियमच्या न्यूनतेचा अल्झायमरच्या विकाराशी संबंध दाखविला, त्यामुळे हा प्रश्न निरर्थक नाही हेही सिद्ध झाले. मात्र त्यातील उपचाराचे प्रयोग उंदरांवरचे आहेत.

आता भाषेकडे वळू. ‘आढळले’ आणि ‘घडविले’ या दोन क्रियापदांत सारा वाद सामावलेला आहे. ‘जेथे लिथियम अधिक, तेथे रोग कमी आढळला’ हे मूळ विधान. ‘लिथियममुळे रोग टळतो’ हे त्याचे प्रचलित रूप. आपल्या ‘-मुळे’ या प्रत्ययाने, निबंधाने जे म्हटले नाही, ते सहज म्हणून टाकले. ‘स्मृतिभ्रंश’ ही संज्ञाही अपुरी आहे. लॅटिन मूळ शब्द मनाच्याच ऱ्हासाचा निर्देश करतो. स्मृती हा त्याचा एक अंश. काही रुग्णांत तर स्मृतीपूर्वी भाषाच ढासळते.

गुरुजींच्या मुलाने मला विचारले, ‘हे लिथियम बाबांना द्यावे का?’ मूत्रपिंडे व थायरॉइड यांवर परिणाम करणारे हे औषध वैद्याच्या देखरेखीवाचून देण्याजोगे नाही, एवढेच मी सांगू शकलो. केसिंग यांचे संशोधन एक चांगला प्रश्न आहे. त्याला उत्तराचे रूप देण्याची घाई आपण, वाचकांनी, करू नये.